लोखंडाला पिठाचा अंगरखा

लोखंड पेट घेतं हे क्वी-मोईला पन्नाशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. तिच्या लेखी लोखंड म्हणजे कढई, सुरा आणि अंगणात गंजत पडलेली नवऱ्याची सायकल. कामाच्या पहिल्याच दिवशी डॉ. पेंग यांनी काचेच्या बशीत चिमूटभर सुकी काळी पूड ओतली, आणि हवा लागताच ती पूड उदबत्तीच्या टोकासारखी लाल होऊन गेली. क्वी-मोई झटकन मागे सरली.

"मावशी, घाबरू नका, लोखंडच आहे," डॉक्टर म्हणाल्या. "फक्त इतकं बारीक, की केसाच्या जाडीत हजार कण ओळीनं बसतील. एवढं बारीक झालं की त्याला काहीच सोसत नाही. कोरडं ठेवलं तर जळतं, पाण्यात ठेवलं तर गंजतं, आणि लक्ष नाही दिलं तर एकमेकांना चिकटून त्याचा गोळा होतो."

"म्हणजे माझी नणंद," क्वी-मोई म्हणाली. "एकटीला करमत नाही, आणि चौघांत बसवावी तर भांडण."

डॉक्टर खो खो हसल्या आणि नोकरी पक्की झाली.

डॉ. पेंग यू-वेन तेव्हा पस्तिशीच्या असतील. विद्यापीठातून आलेल्या, केस आखूड, पायात कायम चिखलाचे बूट. आणि क्वी-मोई म्हणजे हाक्का जमातीच्या घरातली पाचवी मुलगी. मोई म्हणजे मुलगी. पाचव्या खेपेलाही मुलगीच झाल्यावर नावासाठी डोकं कोण चालवणार? दारातलं सुवासिक फुलांचं क्वीचं झाड फुललेलं होतं, म्हणून क्वी-मोई. लग्न होऊन ती शिया-खेंग गावच्या लाइ घराण्यात आली, तिथे तांदळाच्या पट्ट्यांचं दुकान होतं. तांदूळ भिजवून वाटायचा, त्याचं पातळ दूध ताटलीत वाफवायचं, निघालेल्या पापुद्र्याला तेलाचं बोट लावून थर रचायचे, आणि मग कापून रश्शात टाकायचं. काम सोपं, असं ज्यानं केलं नाही तो म्हणतो.

नवरा लवकर गेला. तेव्हा भावकीतल्या दोघाचौघांना एकाएकी दुकानाचा पुळका आला. पण थोरले दीर, लाइ फुक-सेन, जेवणाच्या टेबलावर चॉपस्टिक आपटून म्हणाले, "चूल जिच्या हातात, दुकान तिचं. ज्याला वाटणी हवी त्यानं उद्या पहाटे उठून तांदूळ वाटायला यावं." पहाटे उठायचं म्हटल्यावर पुळका ओसरला. हे उपकार क्वी-मोईनं कधी बोलून दाखवले नाहीत आणि कधी विसरलीही नाही.

दुकानाचं पाणी बाकगुंगच्या विहिरीचं. बाकगुंग म्हणजे भूमीचा म्हातारा राखणदार. गाव त्याला थोरले आजोबा म्हणतं, आणि खरोखरच्या थोरल्या आजोबांशी बोलावं तसं त्याच्याशी बोलतं. वडाखाली कमरेएवढं त्याचं देऊळ, देवळाला खेटून विहीर, आणि देवळाची देखभाल फुक-सेन यांच्याकडे. वरच्या टेकडीवर एके काळी टीव्हीचे सुटे भाग धुण्याचा कारखाना होता. तेलकटपणा काढायचं कसलंसं उग्र पाणी ते वापरायचे आणि वापरून झालं की मागच्या खड्ड्यात ओतायचे. कारखाना बंद पडला, मालक समुद्रापलीकडे गेले, गावानं दोघांनाही विसरून टाकलं. विष मात्र गेलं नव्हतं. ते मातीतून सावकाश खाली उतरत होतं. एक दिवस जिल्ह्याची माणसं आली, बाटल्या भरून घेऊन गेली, आणि परत आली ती विहिरीवर ‘पाणी वापरू नका’ असा पिवळा फलक लावायलाच.

क्वी-मोई नळाच्या पाण्यानं पट्ट्या करायला लागली. गिऱ्हाईक तोंडावर काही बोललं नाही, फक्त वाडग्यात पट्ट्या उरायला लागल्या. उरलेला घास शिव्यांपेक्षा वाईट. तिनं कुणी सांगायच्या आधीच दुकानाचं शटर खाली ओढलं. त्यामुळे डॉ. पेंग यांची मोटार गावात शिरली आणि "विहिरीतलं विष मोडायला लोखंड सोडणार आहोत, मदतीला बाई हवी" असं कळलं, तेव्हा ती पगार न विचारता गेली. तिला पगार नको होता. तिला विहीर हवी होती.

लोखंडाला हे विष मोडता येतं. अट एकच, ते विषापर्यंत जिवंत पोचायला हवं. उघडं लोखंड वाटेतच गंजून किंवा गोळा होऊन बसतं. म्हणून त्याला अंगरखा घालायचा. वनस्पतीपासून केलेलं एक पांढरं पीठ, आइस्क्रीमला दाटपणा यावा म्हणून घालतात त्याच जातीचं. ते पाण्यात गुठळी न होऊ देता विरघळवायचं, त्यात लोखंडाचं हिरवट पाणी घालायचं, ड्रममधली हवा नायट्रोजन सोडून हाकलून द्यायची, आणि मग दुसरं एक औषध थेंबाथेंबानं सोडत राहायचं. बघता बघता सगळा ड्रम शाईसारखा काळा होतो. प्रत्येक कण जन्मतो तोच पिठाचा अंगरखा घालून. गुठळी न होऊ देता पीठ ढवळणं क्वी-मोईला शिकवावं लागलं नाही, बाकी सगळं तिनं डॉक्टरांकडून मुकाट शिकून घेतलं. डॉक्टर एकच गोष्ट परत परत सांगायच्या. "अंगरखा वाटेत टिकावा एवढाच. जाड झाला तर लोखंड आत सुरक्षित राहील आणि विष बाहेर सुरक्षित राहील."

लोखंड किती चपळ आहे हे बघायची युक्तीही त्यांनीच शिकवली. नारिंगी रंगाच्या पाण्यात काळ्या पाण्याचा थेंब टाकायचा. लोखंड तल्लख असलं तर रंग डोळ्यांदेखत उडून जातो.

जिल्ह्यानं संधी एकच दिली होती, तीही बाकगुंगच्या विहिरीवर. हिवाळ्यातल्या सर्वांत मोठ्या रात्रीच्या सणाला पाणी तपासायचं. विष उतरलं तर गावातल्या सगळ्या विहिरींना हा उपाय करायचा. नाही उतरलं तर सगळ्या विहिरी सिमेंटनं बुजवायच्या. औषधं आली होती तीही एकाच ड्रमपुरती.

मुहूर्त फुक-सेन यांनी पंचांगातून काढला होता. जमिनीला हात लावायचा तर आधी वेळ बघायची, यात शिया-खेंगमध्ये कुणाला काही वावगं वाटत नाही. डॉक्टरही हाक्का घरातल्याच, त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी त्यांना ताइपेला बैठकीला जावं लागलं, पण सगळं समजावून झालेलं होतं. क्वी-मोईनं पहाटे ड्रम तयार केला. पंचांगातल्या नवव्या महिन्याचा कोरडा वारा सुटला होता, घराघरापुढे फळ्यांवर सोललेली पर्सिमनची फळं वाळत होती. आणि ऐन मुहूर्तावर पंपाची नळी फुटली. ती दुरुस्त होईतो दुपार टळली.

"भाऊजी, पंप चालू झाला," क्वी-मोई म्हणाली. "सोडू या का आता?"

"आता? डोकं ठिकाणावर आहे ना?" फुक-सेन यांनी पंचांग तिच्या नाकापुढे धरलं. "वेळ टळली. आता जमिनीत खुपसाखुपशी केलीस तर भूमी कोपेल. पुढचा मुहूर्त परवा. सकाळी सात ते नऊ."

"परवापर्यंत हे लोखंड थांबणार नाही. उद्या दुपारीच त्याचा गंज होईल."

"लोखंड थांबत नाही म्हणून देवानं थांबू नये? छान न्याय आहे! वरात उशिरा आली म्हणून कुणी मुहूर्त पुढे ढकलतं का?"

"तुमच्या लग्नात ढकलला होता. सासूबाई सांगायच्या."

"आणि बघतेस ना, जन्मभर काय भोगतोय ते!" फुक-सेन म्हणाले, आणि पंचांग मिटून चालू लागले.

क्वी-मोईनं फोन काढला आणि परत खिशात ठेवला. डॉक्टर काय म्हणतील ते तिला माहीत होतं. त्या म्हणतील, आत्ता सोडा. मग थोरल्या दिराचा शब्द मोडून, वाईट वेळेला, बाकगुंगच्या दारातल्या विहिरीत, तिला स्वतःच्या हातानं पंप सुरू करावा लागेल. आणि खरं सांगायचं तर ती स्वतःही घाबरली होती. ती विद्यापीठात शिकली नव्हती, याच देवळासमोर तिची सून म्हणून ओळख करून दिली होती. संध्याकाळी तिनं पिठाचा उरलेला डबा उघडला आणि जेवढा अंगरखा होता तेवढाच आणखी चढवला. लोखंडही राहील आणि देवही राहील. तिला वाटलं, यात कुणाचंच नुकसान नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्रम उघडला तर पाणी काळंभोर. गंजाचं नावसुद्धा नाही. तिनं नारिंगी पाण्यात थेंब टाकला. रंग उडाला, पण आळस देत उडाला. थंडी आहे म्हणून असेल, असं ती स्वतःशीच म्हणाली. माणूस स्वतःशी खोटं बोलायला लागला की थंडी, वारा, जे हाताशी येईल ते वापरतो. फुक-सेन यांनी उदबत्त्या लावल्या, पोरांनी फटाके लावले, लोखंड जमिनीत गेलं, आणि गावानं तिच्या काळ्या पाण्याचं कौतुक केलं.

सणाच्या दिवशी तांदळाचे गोड गोळे उकळत होते आणि तपासणीचा निकाल आला. विष होतं तिथेच होतं. डॉक्टर वडाच्या पारावर बसल्या होत्या. क्वी-मोईनं त्यांच्या हातात वाडगा दिला. त्यांनी तो तसाच बाजूला ठेवला.

"काय चुकलं तेच कळत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "या मातीला आपलं लोखंड मानवत नाही, असंच लिहावं लागणार. विहिरी बुजवतील."

क्वी-मोईनं स्वतःचा वाडगाही खाली ठेवला. गप्प राहिली तर नोकरी राहणार होती, अब्रू राहणार होती, विहीर जाणार होती.

"पीठ मी वाढवलं," ती म्हणाली. "दुप्पट. दोन दिवस टिकावं म्हणून. तुम्हाला सांगितलं नाही. जास्त तेल लागलेल्या पट्टीला रस्सा धरत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं."

डॉ. पेंग म्हणाल्या, "एक फोन, मावशी. एक फोन करायचा होतात." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते रागाचं होतं. क्वी-मोईनं मान खाली घातली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

पण डॉक्टर मुळात शास्त्रज्ञ. रडून झाल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो, "दुप्पट म्हणजे नेमकं किती?" मग कागदावर काहीतरी मांडलं आणि हळूच म्हणाल्या, "म्हणजे लोखंड मेलेलं नाही. गुंडाळलेलं आहे. मातीतले जंतू हे पीठ खातात. सावकाश खातात. वसंतापर्यंत अंगरखा विरला तर लोखंड कामाला लागेल. नाहीही लागणार, मी शब्द देत नाही. झालं ते मी जसंच्या तसं कळवते. पण जिल्हा माझ्यासाठी थांबणार नाही. गावानंच मागितलं तर थांबेल."

गाव कशाला मागेल? नळ आला होता. विहीर बुजवून त्या जागी म्हाताऱ्यांसाठी मंडप आणि कॅराओकेचं यंत्र द्यायचं जिल्ह्यानं कबूल केलं होतं. गावप्रमुख जुंग मिंग-खुन यांचा आवाज रेड्यासारखा आणि गाण्याची हौस कोकिळेची. देवळासमोर सभा भरली तेव्हा ते उठले आणि म्हणाले, "डॉक्टरांचं शास्त्र आपल्याला कळत नाही, मंडळी. कॅराओके कळतं. हात वर करा आणि घरी जा, गार वारा सुटलाय."

हात वर जायला लागले. तेवढ्यात क्वी-मोई उभी राहिली.

"शास्त्राची चूक नाही. डॉक्टरांचीही नाही. माझी आहे," ती म्हणाली. "पीठ मी जास्त घातलं. लोखंड खाली जिवंत आहे, त्याला वेळ द्या."

"जास्त घातलं? का?" कुणीतरी विचारलं.

फुक-सेन पहिल्या बाकावर बसले होते. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या दिवशी भाऊजींनी थांबवलं, एवढंच तिनं सांगायचा अवकाश होता. मग सगळ्या गावानं वळून त्यांच्याकडे बघितलं असतं, त्यांच्या पंचांगाकडे बघितलं असतं, मागच्या बाकगुंगकडेही बघितलं असतं.

"हात घसरला," ती म्हणाली.

"क्वी-मोईचा हात घसरला?" पर्सिमनवाली म्हातारी तोंडावर हात ठेवून म्हणाली. "इतकी वर्षं तिच्याकडे खाल्लं, एक पट्टी कधी जाड लागली नाही!"

मागे कुणी हसलं. "म्हातारी झाली ती," कुणी म्हणालं. क्वी-मोईचे कान तापले, पण ती उभीच राहिली. आणि फुक-सेन यांना एकदम कळलं. त्यांनी मिशी चाचपली, खोकले, आणि मग काठी टेकत उठले.

"विहीर बाकगुंगच्या दारातली," ते म्हणाले. "घरमालकाला न विचारता त्याची विहीर बुजवणारे आपण कोण? कौल लावू. वसंतापर्यंत थांबायचं का, तेच विचारतो."

याला कुणाची हरकत असणार? गावप्रमुखांनीही नाइलाजानं हात जोडले.

कौलाचे फासे म्हणजे लाकडाच्या दोन चंद्रकोरी, एक बाजू सपाट, एक फुगीर. एक सपाट आणि एक फुगीर वर आलं तर देव हो म्हणतो. दोन्ही सपाट वर आले तर देव नुसता हसतो, आपण काय समजायचं ते समजावं. दोन्ही फुगीर वर आले तर नाही. देऊळ इतकं बुटकं की फासे टाकणारा गुडघ्यावर बसला की मागच्यांना त्याची पाठच दिसते. ज्याच्यासाठी कौल तो शेजारी बसतो, म्हणून क्वी-मोई शेजारी बसली. फुक-सेन यांनी फासे कपाळाला लावले, पुटपुटले, आणि सोडले.

दोन्ही फुगीर.

विहीर गेली. क्वी-मोईनं डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांनी तिला फुक-सेन यांचा आवाज ऐकू आला, मंदिराच्या घंटेसारखा खणखणीत.

"हो म्हणतात!"

तिनं डोळे उघडले तर फाशांवर त्यांचा पंजा होता. त्यांनी ते उचलून बाहीत टाकले. आयुष्यात पंचांगाबाहेर नखसुद्धा न कापलेला तो माणूस. त्यांचे कान लालबुंद झाले होते. लोकांना वाटलं, वाऱ्यामुळे.

गावानं अर्ज केला, जिल्हा थांबला. नव्या वर्षाला तपासलं तेव्हा आकडा केसाएवढा हलला होता. आणि वसंतात टेकडीवर तुंगच्या झाडांची पांढरी फुलं पडायला लागली तेव्हा तो निम्म्याहून खाली आला, पुढच्या खेपेला आणखी खाली. पिठावर मातीतले जंतू माजले होते, डॉक्टरांनी सांगितलं, आणि अंगरखा खाता खाता तेही विष मोडायला हात लावत होते. तुम्ही चुकलात आणि निभावलं, पण हे पुन्हा करायचं नाही, असंही त्यांनी बजावलं. पट्ट्या करण्याजोगं पाणी व्हायला अजून काही वर्षं लागणार होती. क्वी-मोईनं ते निमूट ऐकून घेतलं आणि पुढच्या विहिरीसाठी पीठ मोजायला बसली.

गावाला मात्र जंतूंशी काही घेणंदेणं नव्हतं. बाकगुंगनं हो म्हटलं होतं आणि तसंच झालं होतं. देवाला नवं लाल वस्त्र आलं, त्याच्यापुढे नाटकाचा खेळ झाला, आणि गावप्रमुखांनी कॅराओकेचं यंत्र शाळेमागे बसवून घेतलं. फुक-सेन यांच्याकडे तर शेजारच्या गावांतून माणसं कौल लावायला यायला लागली. ते कुणालाच कौल देईनात. गुडघे दुखतात म्हणायचे.

खेळ संपला त्याच्या दुसऱ्या दिवशी क्वी-मोई देवळापुढे फटाक्यांचे लाल कागद झाडत होती. फुक-सेन उदबत्तीच्या भांड्यातली राख चाळत बसले होते. आजूबाजूला कुणी नव्हतं.

"भाऊजी," ती झाडता झाडता म्हणाली, "त्या दिवशी दोन्ही फुगीर होते."

"असतील. मला हल्ली नीट दिसत नाही." त्यांनी राखेत फुंकर मारली. "तुझा नाही का हात घसरला होता?"

ती झाडत राहिली. थोड्या वेळानं तिला राहवेना.

"देवाच्या नावानं खोटं बोललात. भीती नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर रोज सकाळी येतो," फुक-सेन म्हणाले. "कुणी उठायच्या आत फासे टाकतो आणि विचारतो, थोरले आजोबा, माफ केलंत का?"

"मग? काय म्हणतात?"

म्हाताऱ्यानं भांडं खाली ठेवलं आणि बाहीनं डोळे पुसले. राख गेली असेल डोळ्यांत.

"काही म्हणत नाहीत," ते म्हणाले. "रोज हसतात."